मासा कुणी गिळला

तिच्या नवऱ्याला सगळे ‘दोनमिनिटे’ म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं, पण इतकी वर्षं चिकटून राहिलं होतं की खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेले डॉक्टर एकदा पत्रपेट्यांवर हेच नाव शोधत उभे राहिले होते. नाव ठेवलं होतं त्याच्या थोरल्या बहिणीने. ती इस्पितळात मेट्रन होती. नोकरी संपली तरी तिचा आवाज अजून ड्यूटीवरच होता, त्यामुळे भावजयीखेरीज सगळं जग तिला मेट्रनच म्हणे. लहानपणी भावाला जेवायला हाक मारली की तो म्हणे, ‘‘दोन मिनिटं!’’ मग त्याच्या ताटावर झाकण पडे आणि बाकीचे जेवून उठत. लग्नानंतर झाकण घालायचं काम बायकोकडे आलं, एवढाच काय तो फरक.

माणूस वाईट नव्हता. हे ती स्वतःला वेळोवेळी बजावत असे, कारण बजावलं नाही तर विसरायला होई. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बसच्या आगारात तो वेळापत्रकं करायचा. कुठली बस कुठून कधी सुटायची, कुठल्या थांब्यावर कधी पोचायची, हे सगळं त्याच्या कागदावर. सगळ्या गावाच्या गाड्या त्याच्या शब्दावर सुटत आणि त्याच्या घरात मात्र काहीच वेळेवर सुटत नसे. दाराची घंटा त्याने स्वतः बसवली होती. ती दार उघडल्यावर वाजे. चपलांचं कपाट त्याने स्वतः केलं होतं. ते तीन पायांवर आणि एका जुन्या शब्दकोशावर उभं होतं. तिच्या फोनवर ई-मेलने पत्र आलं की बसचा हॉर्न वाजायचा. हीही त्याचीच करामत. सहज गंमत म्हणून लावला होता आणि ‘काढतो, दोन मिनिटं’ म्हणून तसाच ठेवला होता. ती भाजी घेत असली की मागे अचानक बस आल्यासारखी माणसं बाजूला उडी मारत.

पण घंटा, कपाट, हॉर्न ही सगळी किरकोळ दुखणी. खरं दुखणं होतं टिपकागद.

त्याची सुरुवात आगारातच झाली. वेळापत्रक लांबलचक, कॉम्प्युटरचा पडदा आखूड. चालकांना फोनवर ते एका चित्रात पाठवायचं तर पडद्याचा एक तुकडा टिपायचा, खाली सरकायचं, दुसरा तुकडा टिपायचा आणि मग ते तुकडे एकमेकांना जोडत बसायचं. साहेब म्हणाले, यावर काहीतरी उपाय बघा. हा घरी आला, जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला आणि म्हणाला, ‘‘अगं, साधी गोष्ट आहे. पडदा टिपून घेणारं एक सॉफ्टवेअर लिहितो. बटण दाबलं की ते आपोआप खाली सरकेल, तुकडे टिपेल, जोडेल आणि अख्खं पान हातात देईल. दोन मिनिटांचं काम.’’

त्यानंतर त्या टेबलावर कुणी जेवलं नाही. दोघं स्वयंपाकघरातल्या कट्ट्यापाशी उंच स्टुलांवर बसून जेवू लागली, तीही वेगवेगळ्या वेळी. पहिली काही वर्षं ती ‘होईल, होईल’ म्हणत राहिली. पुढे तिने टेबलाची आशाच सोडली. आगारातून आला की हातपाय धुऊन टिपकागद. रविवारी उठला की टिपकागद. नाव तिनेच सुचवलं होतं, ओल्या शाईवर ठेवला की अक्षरं उचलून घेणाऱ्या शाळेतल्या त्या गुलाबी कागदाचं. तेव्हा दोघांनाही ते फार आवडलं होतं. हल्ली नुसतं कानावर पडलं तरी तिच्या कपाळावर आठी येई.

आगाराचं काम कधीच झालं होतं. पण टिपकागद त्याने सगळ्या जगाला फुकट वाटला होता आणि आता जगातून पत्रं येत. कुणी म्हणे, चित्रावर बाण काढायची सोय हवी. कुणी म्हणे, बाण वाकडा हवा. एका गृहस्थांना बाण जांभळा हवा होता. सॉफ्टवेअरमध्ये एका कोपऱ्यात ‘तक्रार कळवा’ असं बटण होतं. ते कुणी दाबलं की हा माणूस जेवणावरून उठत असे. आणि उत्तरं काय लिही! चहाचा कप ठेवताना तिने त्याच्या खांद्यावरून वाचली होती. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.’ ‘आपण वेळ काढून कळवलंत, आपला फार आभारी आहे.’ ‘चूक सर्वस्वी माझी आहे.’

सर्वस्वी माझी! इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिच्या कानावर एकदाही पडलं नव्हतं. कुठल्याशा देशातल्या जांभळ्या बाणवाल्याला मात्र ते बसल्या जागी मिळत होतं.

ती स्वतः विणकामाचे नमुने करायची. हौस म्हणून सुरू झालेली गोष्ट, पण त्यात तिचा हात असा बसला होता की वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी जमणाऱ्या विणकाम मंडळात ‘ताईंचा नमुना’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. नमुना म्हणजे चौकटींचा तक्ता. एक चौकट म्हणजे एक टाका, चौकटींची एक ओळ म्हणजे सुयांवरची एक ओळ. तक्ता समोर ठेवायचा आणि खालून वर विणत जायचं. तिचा तक्ता कधी चुकला नव्हता. ती मोजायची, पुन्हा मोजायची आणि मग उलट बाजूने मोजायची. मेट्रन कुणाचं कौतुक करण्यातली नव्हे, पण तीही म्हणायची, ‘‘आमच्या वहिनी औषध मोजायला असत्या तर मी सुखाने झोपले असते.’’

त्या हिवाळ्यात शाळेतल्या गाण्याच्या बाई मंडळात आल्या. मुलांच्या गाण्याच्या संघाला मोठ्या सभागृहात गायला बोलावलं होतं. सगळ्यांना एकसारखे स्वेटर हवे होते. गाणं नदीचं, म्हणून स्वेटरवर मासे हवेत, खालपासून गळ्यापर्यंत एकावर एक. ‘‘ताई, तुम्ही नमुना दिलात तर या सगळ्या जणी विणतील. जमेल ना?’’

जमेल म्हणजे काय? तिने मासा काढला. छोटासा, गुबगुबीत, शेपटी जराशी वळलेली. तोच मासा पुन्हा पुन्हा, एकाच्या डोक्यावर दुसरा. लहान मुलांना कमी मासे, उंच मुलांना जास्त. मापांचा सगळा हिशेब माशांतच बसवला होता.

आता हा तक्ता ती ज्या कॉम्प्युटरवर काढायची त्यातलं विणकामाचं सॉफ्टवेअर जुनं होतं. ते तक्ता सुट्या सुट्या कागदांवर छापायचं आणि ते कागद ती गोंदाने जोडायची. यावेळीही ती गोंदाची बाटली घेऊन बसली, तशी दोनमिनिटे खुर्चीतून वळले.

‘‘अगं, हे काय? घरात टिपकागद असताना गोंद?’’

‘‘मला गोंदाची सवय आहे.’’

‘‘जग वापरतं माझं सॉफ्टवेअर आणि माझी बायको गोंद लावते! कुणी ऐकलं तर काय म्हणेल?’’

त्याने स्वतः येऊन बटण दाबलं. तक्ता सरसर खाली सरकला आणि दुसऱ्या क्षणी अख्खं, लांब, स्वच्छ चित्र तयार. दिसायला सुंदर होतं, नाही म्हणायला जागा नव्हती. तिने चष्मा पुसून पाहिलं.

‘‘अहो, कडेचे आकडे कुठे गेले?’’

‘‘कुठले आकडे?’’

‘‘ओळींचे. प्रत्येक ओळीपुढे मी आकडा घातला होता.’’

‘‘हां, ते! ती सफाई. पानाच्या कडेला जो कचरा असतो तो आपोआप कापला जातो. लोकांना फार आवडलंय.’’

‘‘कचरा? त्या आकड्यांवर बायका विणतात!’’

‘‘पुढच्या आवृत्तीत बघतो. दोन मिनिटं.’’

तिने फूटपट्टी काढली आणि चित्रातले मासे मोजायला वाकली. तसा त्याचा चेहरा पडला. अगदी शाळेतल्या पोरासारखा पडला. ‘‘मोज, मोज,’’ तो म्हणाला. ‘‘सगळ्या जगाचा विश्वास आहे, फक्त घरात नाही.’’

इथेच तिचं चुकलं. एरवी या असल्या चेहऱ्यांना ती भीक घालत नसे. पण त्या दिवशी तिला वाटलं, जाऊ दे, एवढं मनाला लावून घेतोय तर एकदा ठेवावा विश्वास. तिने फूटपट्टी परत पेटीत ठेवली आणि लहान, मधल्या, मोठ्या, सगळ्या मापांचे तक्ते तसेच मंडळात पाठवले.

बायका विणत राहिल्या. पोस्टात काम करणारी गल्ल्यावर गिऱ्हाईक नसताना विणे, मेट्रन दूरदर्शनच्या बातम्यांना दटावत विणे. कार्यक्रम पंधरवड्यावर आला तेव्हा पहिले स्वेटर शिवून झाले आणि गाण्याच्या बाई एका उंच मुलीला मापासाठी घेऊन आल्या. मुलीने स्वेटर घातला. हात वर करून दाखव म्हटल्यावर तिने हात वर केले आणि पोट उघडं पडलं. खाली केले तरी स्वेटर काही कमरेपर्यंत पोचेना.

मग दुसरा स्वेटर, तिसरा. सगळे तेवढेच आखूड.

‘‘माझा हात घट्ट असेल म्हणाले असते,’’ पोस्टातली म्हणाली, ‘‘पण मेट्रनबाईंचा तर ढिला असतो.’’

‘‘माझा हात ढिला नाही. प्रमाणात आहे,’’ मेट्रन म्हणाली. तिने स्वेटर टेबलावर पसरला, तक्ता त्याच्याशेजारी ठेवला आणि चष्म्यावरून भावजयीकडे पाहिलं. ‘‘वहिनी, तक्त्याप्रमाणे बरोबर आहे. तक्ताच आखूड आहे.’’

‘‘असं कसं होईल, वन्सं? मी मोजलंय.’’

‘‘हे मोजलंत?’’

हे तिने मोजलं नव्हतं. गाण्याच्या बाई समजूत घालायच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘होतं हो ताई, आता वय झालं की नजर…’’ आणि तिथेच थांबल्या. पण जे लागायचं ते लागलं होतं. पोस्टातली मुलीची बाही नीट करण्यात एकदम गुंतून गेली. इतक्या शनिवारांत पहिल्यांदाच ताईंकडे कुणी बघत नव्हतं.

घरी येऊन तिने चप्पलही काढली नाही. जुन्या सॉफ्टवेअरमधला मूळ तक्ता उघडला आणि चित्र शेजारी ठेवलं. बोट ठेवून ठेवून मासे मोजले. मुळात जेवढे होते, त्याहून चित्रात एक कमी. दुसरं माप, एक कमी. तिसरं माप, तिथेही एक कमी. चित्राच्या मध्यावर, जिथे दोन तुकडे जोडले गेले होते, तिथे मासा नाहीसा झाला होता आणि सांधा कुठे आहे ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी कळत नव्हतं.

‘‘अहो, तुमच्या टिपकागदाने माझा मासा गिळला.’’

‘‘हं.’’

‘‘हं काय? प्रत्येक तक्त्यात एक मासा कमी आहे.’’

‘‘शक्य नाही,’’ तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. ‘‘जोडणी मी हजार वेळा तपासलीय. आगारातलं एकही वेळापत्रक चुकलेलं नाही. बायकांचे हात घट्ट असतील.’’

‘‘सगळ्यांचेच?’’

‘‘थंडी किती आहे.’’

तिने चित्र आणि मूळ तक्ता त्याच्यासमोर धरला. तो म्हणाला, बघतो, दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरला. तेव्हा एका माणसाला वाकडा बाण सरळ करून हवा होता. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाली की सगळे मासे एकसारखे आहेत म्हणून तुमचं सॉफ्टवेअर गोंधळतंय. तो म्हणाला, ‘‘अगं, तुला त्यातलं कळायचं नाही.’’ पालथ्या घड्यावर पाणी! मुलं आखूड स्वेटर घालून सभागृहात उभी राहणार, बायका म्हणणार ताईंची नजर गेली आणि हे बाणांची मशागत करत बसणार.

मेट्रनचा फोन आला. ‘‘वहिनी, काय झालं ते कळलं का?’’

‘‘कळलं, वन्सं. तुमच्या भावाच्या सॉफ्टवेअरने खाल्लंय.’’

‘‘मग त्याला म्हणावं, मंडळात येऊन सांग.’’

‘‘ते ऐकतच नाहीत तर सांगतील काय?’’

‘‘ऐकत नाही कसा? सगळ्या जगाचं ऐकतो की तो.’’

फोन ठेवून ती कट्ट्यापाशी स्टुलावर बसली. मग तिने तिथल्या तिथे स्वतःच्या कॉम्प्युटरवर टिपकागद उघडला, कोपऱ्यातलं बटण शोधलं आणि दाबलं. ‘तक्रार कळवा.’ ई-मेलचा पत्ता विचारला तिथे मंडळाचा दिला; त्यावरची पत्रं तिच्याच फोनवर येत. नाव विचारलं तिथे लिहिलं: विणकाम करणारी एक बाई. आणि खाली स्वच्छ, मुद्देसूद लिहिलं की एकच नक्षी पुन्हा पुन्हा येत असेल तर लांब चित्रात त्यातली एक नक्षी गायब होते. सोबत मूळ तक्ता आणि टिपलेलं चित्र जोडलं. घरात जे रोज तोंडी सांगत होती तेच, शब्द न शब्द. बटण दाबून पिशवी उचलली आणि ती बाजारात गेली.

ती गाजरं निवडत होती तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. शेजारचे एक आजोबा उडालेच. तिने फोन काढला.

‘माननीय महोदया, आपल्या पत्राबद्दल मनःपूर्वक आभार. आपण दाखवलेली चूक अगदी खरी आहे आणि ती सर्वस्वी माझी आहे. इतक्या वर्षांत इतकी नेमकी तक्रार कुणी केली नव्हती. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे.’

गाजरं तिथेच राहिली.

ती घरात शिरली, मागोमाग घंटा वाजली आणि तो खुर्चीतून उठून दारापर्यंत आला. हे कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. केस विस्कटलेले, डोळे चमकत होते.

‘‘अगं ये, ये, बस. एका बाईंनी काय सुंदर चूक शोधून काढलीय!’’

‘‘सुंदर?’’

‘‘अप्रतिम! बघ, टिपकागद तुकडे कसे जोडतो? पहिल्या तुकड्याचा खालचा भाग आणि दुसऱ्याचा वरचा भाग कुठे सारखा आहे ते शोधतो आणि तिथे सांधतो. वेळापत्रकात दोन ओळी कधी सारख्या नसतात, म्हणून कधी चुकलं नाही. पण या बाईंच्या तक्त्यात एकाच आकाराच्या नक्ष्या आहेत, एकीवर एक. मग सारखा भाग दोन ठिकाणी सापडतो. बिचारा टिपकागद चुकीच्या ठिकाणी सांधतो आणि मधली एक नक्षी गिळून टाकतो! शिवाय कडेला आकडे असते तर ओळखू आलं असतं, पण माझी ती सफाई आधीच आकडे कापून टाकते. माझ्याच पायावर माझीच कुऱ्हाड! बाई फार हुशार असणार.’’

ती कोट न काढता उभी होती. रडावं की हसावं ते तिला ठरवता येईना.

‘‘विणकाम करतात का त्या?’’ तिने विचारलं.

‘‘हो ना, कसं ओळखलंस? तुझ्यासारख्याच. आणि गंमत म्हणजे त्यांच्याही नक्षीत मासेच आहेत.’’

‘‘योगायोग आहे.’’

‘‘तेच म्हणतो मी.’’

तिने कोट काढून खुंटीला लावला. विणकामाची टोपली घेऊन त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली. फोन लोकरीच्या गुंड्यांत ठेवला. ‘‘त्या बाईंना विचारा,’’ ती म्हणाली, ‘‘की या चुकीपायी त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं.’’

‘‘छान सुचवलंस. अशी आपुलकी लोकांना आवडते.’’ त्याने खुशीत येऊन दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या.

टोपलीत बसचा हॉर्न वाजला.

त्याने मान वर केली. टोपलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे, त्या चित्राकडे, त्यातल्या गुबगुबीत, शेपटी वळलेल्या माशाकडे. हाच मासा ती आठवडाभर त्याच्या नाकासमोर धरत होती.

‘‘नजर गेली म्हणाल्या,’’ ती सुया हातात घेत म्हणाली. ‘‘सगळ्यांसमोर. तुमच्या चेहऱ्याकडे बघून मी मोजलं नाही आणि माझी नजर गेली. द्या आता उत्तर, माननीय महोदयांना.’’

तो ‘दोन मिनिटं’सुद्धा म्हणाला नाही. उठला, तिच्या मूळ तक्त्याचे कागद आणि गोंद घेऊन आला, जेवणाच्या टेबलावर पसरले आणि एकेक कागद जोडायला बसला. गोंद जास्त लावत होता. तिने बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

शनिवारी तो मंडळात आला. काखेत कॉम्प्युटर होताच. मेट्रनने दारातच तो काढून घेतला आणि कपाटावर ठेवला.

‘‘अगं, पण मला दाखवायचंय…’’

‘‘दाखवायचं नाही. सांगायचं. बस इथे. हात पुढे कर.’’

त्याने हात पुढे केले. मेट्रनने गडद निळ्या लोकरीची लडी त्याच्या दोन्ही मनगटांवर चढवली आणि पोस्टातलीने टोक धरून गुंडा करायला सुरुवात केली. स्वेटर खालून वाढवायचे ठरले होते. खालच्या काठाचे टाके उचलायचे आणि पट्टी विणायची. माशांचा रंग संपला होता, म्हणून निळी. ‘‘मासे आहेत, तर खाली पाणी असू दे,’’ मेट्रन म्हणाली आणि विषय मिटला.

आता या माणसाला हातांशिवाय बोलता येत नसे. तुकडे, सांधे, सारखे भाग, सगळं सांगताना लडी डावीकडे झुकायची, उजवीकडे झुकायची, पोस्टातली ‘‘अहो, ताणू नका!’’ म्हणून ओरडायची. सफाईपर्यंत पोचला तेव्हा गाण्याच्या बाईंनी जांभई दाबली. वेळापत्रकाचं उदाहरण दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा ती, त्याची बायको, खाली मान घालून टाके उचलत राहिली. हे असंच होणार होतं. कपाटाला शब्दकोश लावायचा तशी प्रत्येक कबुलीला हा माणूस एक व्याख्यान लावणार होता.

‘‘थांब,’’ मेट्रन म्हणाली. ‘‘मला एवढंच सांग. चूक कुणाची?’’

लडी थांबली.

‘‘माझी,’’ तो म्हणाला. ‘‘हिचा तक्ता बरोबर होता. ती मोजत होती, मी मोजू दिलं नाही. चूक सापडल्यावर तिने मला रोज सांगितलं, मी ऐकलं नाही.’’

गाण्याच्या बाई जागेवरून उठल्या, तिच्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘ताई, ते नजरेचं मी बोलायला नको होतं.’’ ती म्हणाली, ‘‘हा काठ धरा जरा.’’ तेवढ्याने दोघींचं काम झालं.

‘‘आणखी एक मुद्दा असा की…’’ तो लडी सावरत म्हणाला.

‘‘नाही!’’ सगळ्या जणी एकदम ओरडल्या. पोस्टातली इतकी हसली की गुंडा हातातून सुटून टेबलाखाली गेला आणि दोनमिनिटे लडीसकट त्याच्यामागे वाकले.

कार्यक्रम चांगला झाला. निळ्या पट्ट्या कुठे चार बोटं रुंद, कुठे पाच, पण लांबून ते पाणीच वाटलं. तो पहिल्या रांगेत बसला होता आणि गाणं चालू असताना तिच्या कानाशी वाकून म्हणाला, ‘‘प्रत्येकाचा एक मासा अजून कमीच आहे.’’ तिने कोपराने ढोसलं.

पुढे त्याने नवी आवृत्ती काढली. सफाई करायची की नाही ते आता टिपकागद आधी विचारतो. टेबलाच्या एका बाजूला ताट मावेल एवढी जागाही झाली आहे. फार नाही, एकाच ताटाची. घंटा अजून दार उघडल्यावरच वाजते.

परवा ती नवीन नमुना टिपत होती. टोप्यांवरची बदकं होती ती, एकामागे एक. तक्ता सरकता सरकता मध्येच थांबला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘इथे नक्षी पुन्हा येते आहे. मला खात्री नाही. कृपया तुम्ही मोजून पाहा.’

तिने ते दोनदा वाचलं. मग फूटपट्टी काढली आणि मोजायला बसली.

‘‘काय गं, बरोबर आहे का?’’ टेबलापाशी वळून तो विचारत होता. आवाजात जरा धाकधूक होती. ‘‘एक तरी गिळलंय का? सांग ना.’’

बदकं सगळी होती. पण तिने मान वर केली नाही, उलट बाजूने पुन्हा मोजायला घेतलं आणि म्हणाली,

‘‘दोन मिनिटं.’’